दाजी बुडाला त्या दिवशीची भरती

आत्मचरित्र लिहिणं ही जगातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे, असं माझं ठाम मत होतं. म्हणजे बघा, माणूस जगून झालेला असतो. घटना घडून गेलेल्या असतात. आपण फक्त उतरवून घ्यायचं! मी बी.एस्सी., भौतिकशास्त्र, प्रथम वर्ग. तीन वर्षांत प्रयोगवहीची चारशे पानं भरलेली. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षणे, निष्कर्ष. या पाच मथळ्यांत न बसणारं आयुष्य अजून कोणी जगलेलं नाही, असं मी माझ्या आजोबांना २००३ सालच्या एप्रिल महिन्यात छातीठोकपणे सांगितलं.

"तीन महिन्यांत पुस्तक तुमच्या हातात दितंय, आजो," मी म्हटलं.

"नारळी पुनवेक प्रकाशन करूया," बाबली आजो म्हणाले. "पण लिवशीत ता खरा लिव हां. माका खोटा खपाचा नाय."

हे शेवटचं वाक्य मी त्यांच्याकडून लिहून, सही करून घ्यायला हवं होतं.

आमची वाडी मालवणच्या दक्षिणेला, खाडीच्या तोंडाशी. घरोघरी होड्या आणि जाळी. नारळी पौर्णिमेला दर्यात पहिला नारळ कोणी सोडायचा, याचा इथे मान असतो. मान म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला समजावणं कठीण. मानापोटी आमच्याकडे सख्खे भाऊ एकाच पंगतीत एकमेकांकडे पाठ करून जेवतात. तर हा मान गेली बेचाळीस वर्षं आमच्या आजोंचा. कारण १९६१च्या नारळी पौर्णिमेला त्यांनी खवळलेल्या दर्यात उडी घेऊन आपला दोस्त दाजी याला बुडताना वाचवलं होतं.

त्याआधी तो मान नारबा तांडेलांचा. पण त्या रात्री नारबांनी स्वतः देवळात उभं राहून सांगितलं, "फुडल्या वर्सापासून पयलो नारळ बाबलीन सोडूचो." केवढं मोठं मन! अख्खी वाडी गहिवरली. नारबांचा मुलगा सत्यवान तेव्हा आठ वर्षांचा. तो गहिवरला नाही. आज तो पन्नास वर्षांचा आहे आणि अजूनही गहिवरलेला नाही.

लेखन सुरू झालं. पहिल्याच आठवड्यात मला कळलं की आत्मचरित्राचा नायक जन्मतःच थोर असावा लागतो. आजोंनी दहाव्या वर्षी एकट्याने मुशी मारली होती. सोमवारी सांगितलं तेव्हा ती मुशी दोन हात होती. मंगळवारी चार. शुक्रवारी मी वही उघडून विचारलं, "आजो, नक्की किती?" तर म्हणाले, "होडयेत मावाक नाय!" मेल्यानंतर इतक्या झपाट्याने वाढणारा मासा प्राणिशास्त्राच्या पुस्तकात नाही. मी समासात प्रश्नचिन्ह टाकलं आणि पुढे सरकले. मे अखेरपर्यंत समास प्रश्नचिन्हांनी इतका भरला की मजकुराला जागा उरली नाही.

मग आलं प्रकरण सातवं. 'मी दाजीस वाचविले.'

"लाट केवढी होती?" मी विचारलं.

"घरायेवढी!"

"कोणत्या घराएवढी? आपल्या, की तांडेलांच्या?" निरीक्षण अचूक हवं.

"तांडेलांच्या घरापेक्षा मोठी! लिव."

"पाणी किती खोल?"

"तीन पुरुष!"

"वेळ?"

"दिवेलागणीच्या वायच आदी. साडेपाच धर."

मी साडेपाच धरले. आणि इथे माझा हात आपोआप समासाकडे गेला. आमच्याकडे भरतीचं गणित शाळेत जाण्याआधी येतं. तिथीची पाऊणपट करायची, आलेला आकडा म्हणजे भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणून तर मानाचा नारळ सकाळी सव्वाअकराला, तुडुंब पाण्यात सोडतात. तिथून सहा तास मोजले की पूर्ण ओहोटी, जिला आम्ही सुकती म्हणतो. म्हणजे सव्वापाच, साडेपाच.

म्हणजे ज्या क्षणी आजोंनी तीन पुरुष पाण्यात उडी घेतली, त्या क्षणी खाडीच्या तोंडाशी चिखल होता!

मी गुणाकार पुन्हा केला. सव्वाअकराच आले. बेचाळीस वर्षांत हा गुणाकार वाडीत कोणीच केला नव्हता. करणार कसे? दाजी बुडाला ही गोष्ट होती, आणि गोष्टीला कोणी पाऊणने गुणत नाही.

आता, प्रयोगाचं उत्तर विचित्र आलं तर ते दुसऱ्याकडून तपासून घ्यावं, असं आम्हाला शिकवलं होतं. कोणाकडून तपासू नये, हे शिकवलं नव्हतं. वाडीत भरती-सुकतीचं सगळ्यात पक्कं ज्ञान कोणाला? सत्यवानकाकांना! मी गेले. ते अंगणात जाळं विणत बसले होते.

"काका, नारळी पुनवेक सांजेक साडेपाचाक खाडयेच्या तोंडाक पाणी कितका आसता?"

"पाणी?" ते हसले. "गुडघाभर. कित्याक गो, शिंपल्यो काढूक जातंस?"

"नाय हो. आजोच्या पुस्तकात दाजी बुडतत ना, त्या प्रकरणाक व्हया."

जाळ्याची सुई हवेतच थांबली. काकांचे ओठ हलू लागले. पंधरा... पाऊण... सव्वाअकरा... सहा तास... मला वाटलं, वा, या वयातही गणिताची काय आवड! मी त्यांचे आभार मानून घरी आले. चांगली चालत आले. माझ्या मागून बातमी धावत आली आणि ती माझ्याआधी घरी पोचली.

आजो पडवीत उभे होते.

"तुका कोणी सांगललेला गुणूक?"

"आजो, तुम्हीच म्हणाललात, खरा लिव."

"खरा लिव म्हटललंय. तपासून बघ म्हटललंय काय?"

तेवढ्यात सत्यवानकाकांचा निरोप आला. रविवारी देवळात बैठक. विषय एकच: बुडण्यापुरतं पाणी नव्हतं तर वाचवण्याचा मान कसला? यंदाचा पहिला नारळ तांडेलांच्या घरी परत यावा.

आजो मटकन खाली बसले. मी त्यांना वादळात होडी हाकताना पाहिलंय, पोलिसाशी भांडताना पाहिलंय. असे बसलेले कधी पाहिले नव्हते. मला वाईट वाटलं. थोडंसं. बाकी मनात मी अजून गुणाकार बरोबर आल्याच्या आनंदात होते.

"दाजी बुटको होतो, असा लिव," आजो अचानक म्हणाले.

"गुडघ्यायेवढे?"

"तेवा लहान होतो तो."

"चोवीस वर्षांचे होते!"

"आमच्या येळेक माणसा सावकाश वाढत."

हे जमणार नाही, असं मी शास्त्राच्या वतीने सांगितलं. मग त्यांनी दुसरा तोडगा काढला. वेळ बदलायची! "साडेपाच खोड, साडेअकरा लिव. भरतीच भरती! तुझ्या पेनाक काय जड जाता?"

"पण साडेअकराला नारळ सोडायला सगळी वाडी किनाऱ्यावर होती ना? मग दाजी बुडताना कोणाला दिसले कसे नाहीत?"

"सगळे डोळे मिटून पाया पडत होते," आजो क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले. आत्मचरित्राला लागणारी प्रतिभा उपजतच असते, हे मला तेव्हा पटलं. मी साडेअकरा लिहिले. एकदाच लिहिले हो! एका शब्दाने कोणाचं काय बिघडतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीतल्या हौसाबाई दारात हजर. हातात लाल फडक्यात बांधलेली पत्रिका. मागे त्यांचा मुलगा बाळा, त्याच्यामागे बाळाची बायको प्रेमलता.

"गो वर्षाली, तू दाजीक सकाळी बुडवलंस असा आयकलंय, खरा?"

"हां. म्हणजे... सोयीसाठी."

"कोणाच्या सोयीक? माझो बाळो त्याच टायमाक झालो! भायर 'बुडता रे बुडता' म्हणान बोंब झाली नि हय माझो झील जन्माक इलो. सुईण माका तशीच टाकून बघूक धावली, मेली! त्या बोंबेवरसून जन्मवेळ लिवलली आसा. पाच चाळीस! आता बोंब सकाळची झाली तर बाळ्याची पत्रिका बदाललीच मा?"

मी विचार केला. तर्क बिनतोड होता. सहा तासांत लग्नरास तीनदा बदलते.

"मायझया!" प्रेमलता मागून म्हणाली. "म्हणजे माझे अठ्ठावीस गूण जुळले ते भलत्याच माणसाशी? एकवीस वर्सां मी सांगतंय, ह्या माणसाचो नि माझो काय्येक मेळ नाय! कोण आयकता? आज शास्त्रानच सांगल्यान!"

"मग आता आमचा लगीन धरूचा की नाय?" बाळाने विचारलं. त्याच्या आवाजात काळजी कमी आणि आशा जास्त होती. हौसाबाईंनी वळून असं काही पाहिलं की तो पत्रिकेपेक्षाही लहान झाला.

"वेळ बदलशीत तर बघ," हौसाबाईंनी मला बजावलं. "माझ्या घरात पाच चाळीसच वाजूक व्हये!"

मी साडेअकरा खोडून पुन्हा साडेपाच केले. आता परिस्थिती अशी होती. वेळ हौसाबाईंनी धरून ठेवलेली. पाणी चंद्राने धरून ठेवलेलं. उरली फक्त तारीख. मी कागद घेऊन बसले. संध्याकाळी सहाला भरती हवी तर तिथी किती हवी? सहाला पाऊणने भागलं, आठ आले. अष्टमी! अष्टमीला संध्याकाळी खाडी अशी भरते की कोणीही मनसोक्त बुडावं. मी आनंदाने ओरडले, "आजो, दाजींना अष्टमीला बुडवूया!"

"नि मान?" आजो म्हणाले. "मान नारळी पुनवेचो आसा मगे! अष्टमीक काय सोडू दर्यात? शेगलाची भाजी?"

आमच्याकडे अष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी करतात. ती दर्याला अर्पण करण्याची प्रथा अजून पडलेली नाही. मी कागद फाडला.

रविवार उजाडला. देवळाच्या मंडपात वाडी झाडून जमली. सत्यवानकाका इस्त्रीचा सदरा घालून आले होते आणि शुद्ध मराठीत बोलत होते, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"उपस्थित बंधुभगिनींनो," ते म्हणाले, "माझ्या पूज्य वडिलांनी विश्वासाने हा मान दिला. पण विज्ञानाने आज सिद्ध केलं आहे की गुडघाभर पाण्यात माणूस बुडू शकत नाही. हे मी म्हणत नाही. बाबलींची स्वतःची नात म्हणते!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यात पहिल्यांदाच विज्ञान झाले होते. इच्छा होती की रसायन व्हावं आणि उडून जावं.

"तुझ्या बापाशीन डोळ्यान बघल्यान म्हणान मान दिल्यान!" आजो गरजले. "बापाशीक खोटो पाडतंस?"

"माझे वडील भोळे होते!"

"तुझो बापूस? भोळो?" खांबाला टेकून बसलेले दाजी एवढंच म्हणाले आणि खोकल्यासारखं हसले. सहासष्ट वर्षांचा, काटकुळा, दिवसभरात दहा शब्द बोलणारा माणूस. त्यांचं बुडणं गेली बेचाळीस वर्षं वाडीत गाजत होतं, पण त्यांना कोणी काही विचारलेलं माझ्या ऐकिवात नव्हतं. बुडालेल्या माणसाचं मत कोण घेतो!

आणि तेव्हा माझ्या मनात एक साधा प्रश्न आला. निव्वळ कुतूहल हो! आम्हाला शिकवलंच होतं की निरीक्षण आणि कृती जुळत नसेल तर उद्देश तपासा.

"पण आजो," मी मोठ्याने विचारलं, "सुकतीला, चिखलात, सणाच्या दिवशी, नवे कपडे घालून तुम्ही दोघं तिथे करत काय होतात?"

आजोंनी डोळे मिटले.

"नारळ काढूक गेललो," दाजी म्हणाले.

"कसलो नारळ?" हौसाबाईंनी विचारलं.

"मानाचो." दाजींनी पाय लांब केले. "बाबल्या, आता गप रवान काय उपयोग? सांगून टाकतंय. नारबान धाडललो आमका. दर वर्सा धाडी. सकाळी सोनेरी कागद लावून नारळ सोडी. तो वळसो घेवन खडपाच्या आड येवन अडके. सांजेक सुकती लागली की आमी जावन काढू नि तेच्या मागल्या दारात ठेवू. फुडल्या वर्सा कागद नवो, नारळ तोच."

"कितकी वर्सां?"

"चार."

"दर्याक चार वर्सां एकच नारळ?" हौसाबाईंनी गालावर हात मारून घेतले. "तरीच त्या चार वर्सात बांगडो गावाक नाय!"

ओहोटीचा प्रवाह बाहेर वाहत असताना नारळ खडपाआड का अडकतो, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. शिवाय चार वर्षं जुन्या नारळातलं पाणी आटून आत नुसता गोटा उरतो, त्यामुळे तो तरंगतोही उत्तम. हे मी त्याच वेळी, मंडपात, सगळ्यांना समजावून सांगितलं. कोणी कौतुक केलं नाही.

दाजी पुढे म्हणाले, "त्या वर्सा माझो पाय रुतलो नि मी पालथो पडलंय. नारळ सदऱ्यात. तितक्यात वाटेवर माणसा दिसली. बाबल्यान बोंब मारल्यान, 'बुडता रे बुडता!' मी म्हटलंय, बरा तर, बुडतंय. लोक धावत इले ते बुडाललो बघूक. पाणी कोण बघता? सदऱ्यात नारळ, तर म्हणाक लागले पोटात पाणी भरला. चार जणांनी पोट दाबल्यानी. नारळ तो, दबतलो कसो? तेवढ्यात नारबा धावत इलो, 'कोणी हात लावू नको!' म्हणान माका उचलून घराक घेवन गेलो. नि रातीक देवळात बाबल्याक मान. आमची तोंडा बंद रवाक व्हयी होती मगे!"

सत्यवानकाकांचा इस्त्रीचा सदरा बघता बघता चुरगळला. ते बसले. मग पुन्हा उठले. शुद्ध मराठी कुठेतरी सांडली होती.

"माझ्या बापाशीन..." ते म्हणाले आणि थांबले.

आता हिशेब बघा. पाणी नव्हतं म्हणून आजोंचा मान गेला असता. पण मान परत मागायला गेलं तर तांडेलांच्या घराण्याची आधीची चार वर्षं चिखलात उघडी पडत होती. शेजारच्या वाडीला हे कळलं असतं तर नारळ सोडाच, आम्हाला तोंड दाखवायला जागा उरली नसती. आजो मांडीवरची टोपी दोन्ही हातांनी गोल गोल फिरवत होते. त्यांनी वर पाहिलंच नाही.

सत्यवानकाकांनी घसा खाकरला.

"मी काय म्हणतो," ते हळूच म्हणाले, "निसर्गाचं काही सांगता येत नाही. एखाद्या वर्षी भरती संध्याकाळीही येऊ शकते."

"येवक शकता!" वाडी एका सुरात म्हणाली.

"वादळबिदळ आसला तर..."

"आसलाच वादळ! माका आठवता!" ज्यांचा जन्म एकसष्टनंतरचा होता त्यांनाही आठवलं.

पाच मिनिटांत ठरलं. २६ ऑगस्ट १९६१ रोजी संध्याकाळी साडेपाच वाजता आमच्या खाडीत भरती होती. एकमताने. प्रेमलतेने तेवढं विचारलं की ह्या भरतीने पत्रिकेत काही फरक पडतो का. नाही म्हटल्यावर तिचा चेहरा जरा उतरला.

"पण चंद्र..." मी सुरुवात केली.

"चंद्राक आमी सांभाळतो," हौसाबाई म्हणाल्या. "तू बीएस्सी आसंस मगे? तूच लिव नि खाली तुझा नाव घाल. शिकलल्या माणसाचा नाव आसला की कोण गुणाक जाणा नाय."

मी आजोंकडे पाहिलं. टोपी फिरायची थांबली होती. ते माझ्याकडे असे बघत होते, जसं मी परीक्षेचा निकाल उघडताना पोस्टमनकडे बघायचे. तीन वर्षांची प्रयोगवही एकीकडे, ती टोपी दुसरीकडे. मी लिहिलं.

पान सत्तेचाळीसवर ते छापलेलं आहे: 'त्या दिवशी काही असाधारण नैसर्गिक कारणांमुळे सायंकाळी साडेपाच वाजता खाडीस मोठी भरती आली. (शास्त्रीय तपासणी : कु. वर्षाली, बी.एस्सी., भौतिकशास्त्र, प्रथम वर्ग.)' मुशीसुद्धा होडीत न मावणारीच छापली. एकदा चंद्र हलवल्यावर माशाचं काय एवढं!

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण प्रकाशनाला पाहुणे म्हणून पंचायत समितीचे सभापती बोलावलेले. माणूस वरच्या अंगाचा, काजूच्या बागांचा मालक. समुद्राशी संबंध ताटातल्या बांगड्यापुरता. त्यांना पुस्तक आधी पाठवलं होतं आणि दुर्दैव असं की त्यांनी ते वाचलं. सगळं नाही. पान सत्तेचाळीस. त्यांचं पत्र आलं: 'ऐतिहासिक प्रसंग वाचून भारावलो. प्रकाशन आणि मानाचा नारळ दोन्ही त्याच ऐतिहासिक मुहूर्तावर, सायंकाळी साडेपाचच्या भरतीला व्हावे. सोबत तालुक्यातील मंडळी आणतो.'

"कळवूया, सकाळी या म्हणून," मी म्हटलं.

"नि कारण काय सांगशीत?" सत्यवानकाका म्हणाले. हल्ली ते आमच्याकडे रोज चहाला असायचे. "सांजेक पाणी नसता म्हणान? मग पुस्तकातला पाणी खयसून इला?"

"सकाळी हळूच खरो नारळ सोडूया, सांजेक दुसरो," बाळाने सुचवलं.

"मान एकदाच!" आजो म्हणाले. "दोनदा सोडूक तो काय टपाल आसा?"

तर १२ ऑगस्ट. साडेपाचचा मुहूर्त, कार्यक्रम साडेचारपासून. मांडव, ढोल, तालुक्याची मंडळी. खुर्च्या मुद्दाम दर्याकडे पाठ करून मांडलेल्या. भाषणं लांबवता येतील तेवढी लांबवायची असं ठरलं होतं; पण मिनिटागणिक पाणी आणखीनच आत जात होतं, तेव्हा ती घाईने आवरली. मग सभापती उठले, उत्साहाने आजोंचा हात धरून कडेला गेले आणि म्हणाले, "सोडा, बाबलीनू!"

आजोंनी डोळे मिटले. सोनेरी नारळ कपाळाला लावला. गाऱ्हाणं घातलं. सगळी वाडी डोळे घट्ट मिटून पाया पडत होती, या वेळी खरोखरच. आणि आजोंनी नारळ सोडला.

थप्प.

तो बुडाला नाही, तरंगला नाही, घरंगळलाही नाही. चिखलात अर्धा रुतून बसला आणि उन्हात चकाकत राहिला. एक कुर्ली बिळातून आली, तिने त्याला एक फेरी मारली आणि परत गेली.

"पाणी..." सभापतींनी चष्मा पुसला. "पाणी कुठाय?"

आजोंचा चेहरा पांढरा पडला होता. बेचाळीस वर्षं ज्या मानासाठी ते ताठ चालले, तो मान समोर चिखलात बसला होता आणि तालुका बघत होता. तेवढ्यात दाजींनी धोतराचा सोगा वर खोचला.

"चल, बाबल्या," ते म्हणाले. "खयसून उतराचा ता आपणाक म्हायत आसा."

दोघे म्हातारे एकमेकांच्या खांद्याला धरून उतरले. रुतत, सावरत, शिव्या देत नारळापाशी गेले, त्याला उचललं, पुसलं आणि तसेच पुढे चालत राहिले, जिथे सुकतीचा शेवटचा ओघळ वाहत होता तिथपर्यंत. गुडघाभर पाण्यात उभं राहून आजोंनी नारळ पुन्हा सोडला आणि बराच वेळ हाताने पाणी मारून त्याला आत लोटत राहिले. या वेळी तो गेला. सत्यवानकाकांनी सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या, इतक्या जोरात की कोणाला काही विचारायची सवड मिळू नये. ढोलवाल्यांनाही त्यांनीच डोळ्याने खुणावलं. तालुक्याच्या मंडळींना वाटलं, इथली प्रथाच अशी असेल. किती भक्तीने म्हातारे चिखलात उतरतात! एक बाई तर डोळे पुसत होती. आजो परत आले तेव्हा मांड्यांपर्यंत काळे झाले होते आणि मान पुन्हा ताठ होती.

सभापती मात्र पान सत्तेचाळीस उघडून माझ्याकडे आले.

"शास्त्रीय तपासणी वर्षाली... तुम्हीच ना त्या? बी.एस्सी.?"

"नाही हो," मी म्हटलं, "मी कॉमर्सची."